डॉलर कुणाचा? शेलचा की ऑकचा?

गोरेगावातल्या आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची यादी मी शेल स्क्रिप्टने काढतो, म्हणजे शेल या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेल्या फाइलने. फ्लॅट विकला गेला की नंबर व्हेरिएबलमध्ये (मूल्य ठेवायची जागा, शेलमध्ये तिच्या नावापुढे $ लावला की ते मूल्य मिळतं) घ्यायचा आणि सेड या मजकूर शोधून बदलणाऱ्या प्रोग्रॅमने त्या ओळीतलं मालकाचं नाव बदलायचं, एवढंच काम. पहिल्यांदा चालवली तेव्हा फाइलमध्ये काहीच बदललं नाही. कमांड सिंगल कोटमध्ये होती आणि त्यांच्या आतल्या $ ला शेल हात लावत नाही, त्यामुळे सेड फ्लॅटचा नंबर सोडून व्हेरिएबलचं नावच शोधत राहिला. डबल कोट दिल्यावर शेलने नंबर भरला, पण सेडने कमांडच नाकारली. नंबर होता ‘बी/३०२’, आणि त्यातली तिरकी रेघ दिसताच शोधायचा मजकूर तिथेच संपला असं सेडने धरलं.

या दोन्ही अडचणींचं मूळ, युनिक्स ही संगणकप्रणाली जिथे घडली त्या बेल लॅब्जमध्ये सापडतं. केन थॉम्प्सन यांच्या ‘ईडी’ या एडिटरमध्ये $ म्हणजे ओळीचा शेवट किंवा फाइलची शेवटची ओळ. ली मॅकमेहन यांनी १९७३-७४ च्या सुमारास सेड लिहिला, तेव्हा तिरकी रेघ आणि $ दोन्ही ईडीकडूनच आले. तिकडे थॉम्प्सन यांच्याच शेलमध्ये स्क्रिप्टला दिलेला पहिला शब्द $१ असा मिळायचा. नाव दिलेली व्हेरिएबल्स त्यात नव्हतीच. मग १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांनी आपल्या आडनावांच्या आद्याक्षरांचा ऑक (रकान्यांतला मजकूर हाताळायची प्रोग्रॅमिंग भाषा) केला आणि ओळीतल्या पहिल्या रकान्याला नेमकं $१ हेच नाव दिलं. १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीच्या युनिक्ससोबत स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्यात पूर्ण नावांची व्हेरिएबल्स होती, आणि त्यांच्याही पुढे $ च होता.

म्हणून ऑकचा प्रोग्रॅम सिंगल कोटमध्ये लिहायची रीत पडली. तसं केलं नाही तर $१ ऑकपर्यंत पोचण्याआधीच शेल त्याच्या जागी आपली किंमत भरतो. पण त्याच कोटांमुळे शेलचं व्हेरिएबल आत येईना. माझ्या पहिल्या नोकरीतले वरिष्ठ कोट मध्येच बंद करून व्हेरिएबल घालायचे आणि पुन्हा उघडायचे. चालायचं ते, पण मला ते धोक्याचं वाटतं. असं घातलेलं मूल्य ऑकच्या प्रोग्रॅमचाच भाग होतं. त्यात अवतरणचिन्ह आलं तर प्रोग्रॅम मोडतो, आणि बाहेरच्या कुणी विचारपूर्वक काही लिहून पाठवलं तर तेही चालवलं जातं.

मूल्य देण्याची सोय ऑकमध्ये सुरुवातीपासून होती: फाइलच्या नावाआधी ‘नाव=मूल्य’ लिहायचं. गोंधळ व्हायचा तो ‘बिगिन’ भागात, म्हणजे फाइल वाचण्याआधी चालणाऱ्या भागात. कागदोपत्री नियम असा की हे मूल्य फाइलची पाळी आली की मिळेल. प्रत्यक्षात जुना ऑक ते बिगिनच्या आधीच देऊन टाकायचा आणि लोक त्यावर विसंबून प्रोग्रॅम लिहायचे. पुढे ऑक नियमाप्रमाणे वागू लागला, तसे हे प्रोग्रॅम बिघडले असते. त्यांच्यासाठी ‘-व्ही’ हा पर्याय आला, तोही बेल लॅब्ज आणि ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे लोक या दोघांच्या संमतीने. युनिक्सच्या १९८९ च्या सिस्टिम फाइव्ह रिलीज फोर या आवृत्तीत तो होता. शेलने निर्यात केलेली, म्हणजे इतर प्रोग्रॅमना दिलेली व्हेरिएबल्स थेट वाचू देणारा ‘एन्व्हायरन’ हा ॲरेही (मूल्यांचा संच) त्याच आवृत्तीत होता.

सेडला असा दरवाजा आजही नाही. त्यात मूल्य जातं ते कमांडचा मजकूर होऊनच. तिरक्या रेघेऐवजी उभी रेघ वापरली की ‘बी/३०२’ निभावतं. पण बदलीच्या मजकुरात ‘&’ आला, जसा दुकानांच्या पाट्यांवर असतो, की सेड त्या जागी सापडलेला सगळा मजकूर पुन्हा भरतो.

आता यादी मी ऑकनेच काढतो. फ्लॅट नंबर ‘-व्ही’ ने जातो. मालकाचं नाव मात्र एन्व्हायरनमधून घेतो, कारण ‘-व्ही’ ने दिलेल्या मजकुरातल्या बॅकस्लॅशचा ऑक आपल्या नियमाने अर्थ लावतो, आणि सभासदाने लिहून दिलेलं नाव जसंच्या तसं पावतीवर उतरायला हवं.