सवय होते आणि सवय लागते

परभणीच्या मोंढ्यात माझ्या दाजींचं आडत दुकान आहे. एप्रिलमध्ये हरभऱ्याची आवक जोरात असताना एका दुपारी मी तिथे बसलो होतो. काट्यावर कट्टे चढत होते, मापाडी वजनं ओरडून सांगत होता आणि दाजी हिशोबपट्टी लिहीत होते. बरोबर एक वाजता गादीवरचा मोबाइल वाजला. उजव्या हातातलं पेन थांबलं नाही. डाव्या हाताचा अंगठा सरकत मोबाइलवर गेला, पडद्यावरून फिरला आणि आवाज बंद झाला. नजर कागदावरून हललीसुद्धा नाही. दोन मिनिटांनी मी विचारलं, "दाजी, पाणी पिलं का? आत्ताच अलार्म झाला की." त्यांनी खरोखर चकित होऊन माझ्याकडे बघितलं.

"कव्हा वाजला?"

मागच्या वर्षी त्यांना मुतखडा झाला होता. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पोटात गेलं पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात निम्मं पाणी घामातूनच जातं, म्हणजे प्यायचं त्याहून कितीतरी जास्त. मुलीने मोबाइलमध्ये पाच अलार्म लावून दिले. अकरा, साडेबारा आणि अडीचला पाणी, एकला पाणी पिऊन जेवण, चारला उठून थोडं चालणं. पहिला आठवडा सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मी गेलो तेव्हा या गोष्टीला दीड महिना झाला होता.

दाजी खोटं बोलत नव्हते. आवाज कानात शिरला होता, अंगठ्यापर्यंत हुकूमही पोचला होता, फक्त मधल्या माणसाला खबर नव्हती. हे कसं घडतं ते समजलं, तर दुपारच्या अलार्मकडून काय मिळू शकतं आणि काय नाही, हेही कळतं.

मराठीत 'सवय' हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. रेल्वे रुळांजवळ राहणाऱ्याला गाडीच्या आवाजाची सवय होते. सकाळी फिरायची सवय लागते. 'होते' म्हणतो तेव्हा मेंदू एखाद्या गोष्टीला उत्तर देणं बंद करतो. 'लागते' म्हणतो तेव्हा तो विचार न करता उत्तर द्यायला शिकतो. पहिल्या प्रकाराला जुना, नेमका शब्द आहे: सरावणं. अलार्म लावला त्या क्षणापासून या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. कान सरावण्याआधी हाताला सवय लागली, तर अलार्मचं काम झालं. उलटं झालं, तर आवाज वाया.

सरावणं म्हणजे मज्जापेशींत नेमकं काय होतं, हे एका समुद्री गोगलगायीने दाखवून दिलं. तिचं नाव अ‍ॅप्लिसिया. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी, तर हिच्या सगळ्या शरीरात जेमतेम २०,००० आणि त्यातल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तिच्या पाठीवर एक नाजूक कल्ला असतो आणि त्याला लागून सोंडेसारखी नळी. नळीला हलकेच स्पर्श केला की ती घाबरून कल्ला आत ओढून घेते. दहा वेळा तसाच स्पर्श करा, प्रत्येक वेळी कल्ला कमी कमी हलतो. "हे नेहमीचंच आहे, यात धोका नाही," एवढं ती शिकलेली असते. एरिक कँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा साधा प्रकार वर्षानुवर्षं अभ्यासला. कँडेल यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

त्यांना प्रश्न होता, बदल कुठे होतो? त्वचा बधिर होते का? स्नायू थकतो का? दोन्ही नाही. बदल होतो तो स्पर्श जाणणारी पेशी आणि कल्ला हलवणारी पेशी यांच्यामधल्या फटीशी. पहिली पेशी दुसरीला निरोप देते तो रसायनाच्या बारीक पुड्या त्या फटीत सोडून. १९७४ साली व्हिन्सेंट कास्टेलुची आणि कँडेल यांनी या पुड्यांचा हिशोब मांडला. प्रत्येक पुडीमुळे दुसऱ्या पेशीत उठणारा विजेचा झटका लहान होतो, की पुड्यांची संख्या घटते? झटक्यांची मोजदाद केल्यावर निकाल स्वच्छ निघाला. पुडी तेवढीच राहते, दर खेपेला सुटणाऱ्या पुड्या कमी होतात. ऐकणारी पेशी जशी होती तशीच असते, बोलणारीच हळू बोलू लागते. आणखी पुढची गोष्ट मला जास्त थक्क करते. असे दहा-दहा स्पर्शांचे चार वर्ग वेगवेगळ्या दिवशी घेतले, तर तो परिणाम तीन आठवड्यांपर्यंत टिकतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जाणणाऱ्या पेशीच्या निरोप देणाऱ्या टोकांची संख्याच जवळपास एक तृतीयांशाने घटलेली दिसते. म्हणजे दुर्लक्ष करणं हे शरीरात अक्षरशः कोरलं जातं. रोज त्याच सुराचे पाच अलार्म आपण लावतो तेव्हा आपणही स्वतःचे असेच वर्ग घेत असतो.

माणूस म्हणजे गोगलगाय नव्हे. येवगेनी सोकोलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दाखवलं की आपला मेंदू नेहमीच्या आवाजाचा एक नमुना साठवतो आणि येणारा प्रत्येक आवाज त्याच्याशी ताडून बघतो. जुळला तर सोडून देतो, जुळला नाही तर दचकतो. म्हणून पिठाची गिरणी चालू असते तेव्हा शेजाऱ्याला ती ऐकू येत नाही, पण पट्टा तुटून ती अचानक थांबली की तो मान वर करतो. कान थकलेला नसतो याचा हाच पुरावा. थकलेल्या कानाला शांतता कशी कळली असती?

सरावण्याचे काही नियम प्राण्यांत वारंवार पडताळले गेले आहेत. आवाज जितका मवाळ, तितकं लवकर सरावणं. जितका लागोपाठ, तितकंही लवकर. मध्ये खंड पडला की प्रतिसाद बराचसा परत येतो आणि आवाज वेगळा असला तर नव्याने सुरुवात होते. त्यामुळे दिवसात पाचऐवजी एक-दोनच अलार्म ठेवावेत, सूर दर आठ-दहा दिवसांनी बदलावा आणि सुट्टीच्या दिवशी ते बंद ठेवावेत. याने कान सरावण्याला उशीर होतो. टळत मात्र नाही.

आता दुसरी बाजू. दाजींचा अंगठा तर कामाला लागलेला होता, म्हणजे कसली तरी सवय लागलीच होती! अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अ‍ॅन ग्रेबियल यांच्या गटाने १९९९ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी टी अक्षरासारखा मार्ग, वाटेत एक सूर वाजणार, सुरावरून डावीकडे वळायचं की उजवीकडे ते ठरणार आणि बरोबर वळलं तर टोकाला चॉकलेट. मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींमधल्या पेशींची नोंद घेतली, तर सुरुवातीला त्या सगळ्या वाटभर सक्रिय होत्या. वाट अंगवळणी पडल्यावर त्यांची धावपळ मुख्यतः वाटेच्या आरंभी आणि शेवटी उरली. मधला भाग एक गठ्ठा बनला, जणू कट्टा शिवून टाकला. खूण मिळाली की अख्खा गठ्ठा आपोआप सुटतो.

दाजींच्या गठ्ठ्यात आरंभी अलार्म होता आणि शेवटी शांतता. कटकट थांबणं हेही मेंदूला बक्षीसच वाटतं. पाणी त्या गठ्ठ्यात कुठेच नव्हतं. महिनाभर त्यांनी जो सराव केला तो अलार्म बंद करण्याचा होता आणि त्यात ते पारंगत झाले होते.

मग आम्ही एवढंच केलं. मोबाइल गादीवरून उचलला आणि दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात रांजणाच्या झाकणावर ठेवला. आवाज बंद करायला उठावंच लागतं आणि झाकणावरून मोबाइल काढला की हातात तांब्या येतो. पाचपैकी फक्त दुपारी एक वाजताचा अलार्म ठेवला. तो दुपारच्या जेवणासाठी काटा थांबतो त्याच वेळेचा. हेतू असा की हळूहळू खूण मोबाइलकडून काट्याकडे सरकावी. काट्याचा खडखडाट थांबणं ही रोज आपसूक घडणारी गोष्ट आहे, तिला चार्जिंग लागत नाही आणि तिच्यामागे खरोखरच काही बदलतं, त्यामुळे मेंदू तिला सहजी टाकून देत नाही.

किती दिवस लागतात? मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत "२१ दिवसांत सवय" असं ठामपणे म्हटलेलं असतं. त्याचं मूळ अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला रुळायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. तो बोलत होता सवय होण्याबद्दल, जगाने ते लावलं सवय लागण्याला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेला अभ्यास २०१० साली छापून आला. रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडून एक नवं काम १२ आठवडे करायचं होतं. काम आपसूक होण्यापर्यंतचा मध्यक ६६ दिवसांचा निघाला, पण कुणाला १८ पुरले, तर १२ आठवड्यांतही न रुळलेल्या कुणाचा गणिताने काढलेला अंदाज २५४ वर गेला. ग्लासभर पाणी पिण्यासारखं साधं काम लवकर रुळलं, व्यायाम उशिरा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. २२व्या दिवशी निराश होऊन सोडून देणाऱ्या प्रत्येकाला हा शेवटचा निष्कर्ष मोठ्याने वाचून दाखवावासा वाटतो.

दुपारचीच वेळ का धरायची? साधारण एक ते चारच्या दरम्यान आपली सतर्कता घसरते. भरपेट जेवणाने ती सुस्ती वाढते, पण उपाशी माणसातही ती दिसते. त्यात मेंदूतल्या घड्याळाचा हात आहे. योगायोग असा की त्या घड्याळातही मज्जापेशी अ‍ॅप्लिसियाइतक्याच, सुमारे २०,०००. अशा उताराच्या वेळी ठरवलेलं आठवून करणं अवघड जातं, म्हणून बाहेरची खूण याच वेळी सर्वांत उपयोगी. मोंढ्यात मात्र राहुकाळाचे अलार्म लावणारे मला जास्त भेटले. बुधवारी बारा ते दीड, गुरुवारी दीड ते तीन, तेवढा वेळ नवा सौदा नाही. शरीराची सुस्ती वार बघून येत नाही आणि ग्रहांमुळेही येत नाही. जी दीड तासाची शिस्त ही माणसं राहूसाठी न चुकता पाळतात, ती स्वतःच्या किडनीसाठी पाळली तर किती दुखणी वाचतील!

जूनच्या शेवटी पुन्हा गेलो तेव्हा मोबाइल घरी चार्जिंगला राहिला होता. काटा थांबला, हमाल डबे घेऊन लिंबाखाली गेले आणि दाजी बोलता बोलता उठून रांजणाकडे गेले. तांब्या तोंडाला लावल्यावर माझ्याकडे बघून त्यांनी भुवई उडवली. चारच्या चालण्याचं अजून जमलेलं नाही. त्या वेळी ट्रक भरायचे असतात आणि रोज ट्रक वेगळ्या वेळेला येतो, त्यामुळे पक्की खूण सापडत नाही. शेवटच्या ट्रकची ताडपत्री बांधून झाली की मोंढ्याच्या गेटपर्यंत जाऊन यायचं, असं सध्या ठरवलं आहे.