पानावर आधी, पडद्यावर उशिरा

मराठी सिनेमातल्या दलित चित्रणाविषयी बोलणं सुरू झालं की पहिलं नाव नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'चं येतं. ते रास्तच आहे. पण २०१४च्या फेब्रुवारीत तो चित्रपटगृहांत लागला, तोवर मराठी दलित साहित्याची दोन पिढ्यांची वाटचाल झालेली होती. पुस्तकानं जे कधीच सांगून टाकलं, ते पडद्यावर यायला इतका वेळ का लागला, हा प्रश्न मला जास्त छळतो.

१९५८मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला अण्णा भाऊ साठे होते. १९६३मध्ये बाबुराव बागुलांचा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती!', १९७२मध्ये नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह 'गोलपिठा', १९७८मध्ये दया पवारांचं 'बलुतं', १९८०मध्ये लक्ष्मण माने यांचं 'उपरा'. 'बलुतं' आणि 'उपरा' ही तर सरळ आत्मकथनंच. सांगणारा 'मी' स्वतःच बोलत होता.

सिनेमात हा 'मी' नव्हता. हिंदीत 'अछूत कन्या' (१९३६) आणि 'सुजाता' (१९५९) आले, तेही सहृदयतेनं; पण अस्पृश्य मुलगी म्हणून पडद्यावर दिसल्या देविका राणी आणि नूतन. मराठीत अण्णा भाऊंच्या 'वैजयंता' आणि 'फकिरा' या कादंबऱ्यांवर साठच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रपट निघाले, पण त्यातून परंपरा उभी राहिली नाही. ग्रामीण म्हणवणारा सिनेमा पाटलाचा वाडा आणि तमाशाचा फड यांच्यातच रमला. गावकुसाबाहेरचा माणूस त्यात असलाच तर निरोप्या, नाहीतर इमानी गडी.

कारण मुख्यतः पैशाचं आहे, असं मला वाटतं. कविता लिहायला कागद पुरतो, छापायला एखादं अनियतकालिक. सिनेमाला निर्माता लागतो, कॅमेरा लागतो, वितरक लागतो, आणि या सगळ्या दारांवर ओळखीचा माणूस लागतो. म्हणून बराच काळ हा विषय बाहेरच्या पण जाणत्या दिग्दर्शकांकडून आला. जब्बार पटेलांनी 'मुक्ता'मध्ये (१९९४) मराठा मुलगी आणि दलित कार्यकर्ता यांची गोष्ट मांडली, पुढे बाबासाहेबांवर चित्रपट केला. त्यातल्या भूमिकेसाठी मामुट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नागराज मंजुळे मात्र आतले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी 'फँड्री' केला. त्यातल्या जब्या या शाळकरी नायकाच्या भूमिकेतला सोमनाथ अवघडे हा गावात हलगी वाजवणारा मुलगा, अभिनयाशी त्याचा काही संबंध नव्हता. जब्याचं कुटुंब घरात आपल्या जमातीची कैकाडी बोली बोलतं आणि गावातली डुकरं पकडायचं काम त्याच्याकडे येतं. डुक्कर हाताशी येतं तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी थिजतात. डुक्कर मात्र निघून जातं. हा प्रसंग बाहेरच्या कुणाला सुचला असता का? मला शंका आहे. मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जब्याच्या घरातले शाळेच्या भिंतीवरच्या आंबेडकरांच्या चित्रासमोरून जातात, तेव्हा एकही संवाद नाही. तिथे उपदेश घुसडायचा मोह कुणालाही झाला असता.

त्याच सुमारास 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत वीरा साथीदार दिसले. नागपूरचे हे कार्यकर्ते आयुष्यभर चळवळीतच होते, त्यामुळे ते अभिनय करतायत असं वाटतच नाही. मग २०१६मध्ये 'सैराट'. पारधी घरातला परश्या आणि पाटलांची आर्ची यांची गोष्ट बघायला खेडोपाडी रांगा लागल्या आणि 'असले विषय चालत नाहीत' हा व्यापाराचा जुना युक्तिवाद तिकीटबारीवरच आपटला. 'सैराट'वरून हिंदीत 'धडक' आला तेव्हा जातीची धार बोथट झाली होती, याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

टीव्ही अजून मागे आहे. २०१९मध्ये बाबासाहेबांच्या चरित्रावर दैनंदिन मालिका आली आणि घरोघरी पाहिली गेली. पण रोज संध्याकाळी जिथे लग्नं जुळतात, सासवा रुसतात, हळदीकुंकू होतं, त्या मालिकेतल्या घराच्या दारावर कांबळे किंवा साळवे अशी पाटी क्वचितच दिसते.