जैवोपचार, सूक्ष्मजीवी

सांडलेले खनिज तेल, कृत्रिम रंग, कीटकनाशके अशी घातक द्रव्ये जीवाणू व कवकांकरवी विघटित करून माती-पाणी शुद्ध करण्याची पद्धत.

तिचा आरंभ कोणापासून धरावा, याबाबत एकमत नाही. जॉर्ज रॉबिन्सन यांनी १९६८च्या सुमारास कॅलिफोर्नियात ‘क्वीन मेरी’ जहाजाच्या तळातील तेलकट पाण्यावर सूक्ष्मजीव वापरल्याचे सांगतात. लोकप्रिय लेखनात हाच पहिला प्रयोग ठरतो. मात्र हायड्रोकार्बनांवर (खनिज तेलाच्या मुख्य घटकांवर) जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा क्लॉड झोबेल यांचा आढावा १९४६चा आहे. जमिनीत मुरलेल्या पेट्रोलवर जागच्या जागी उपचार करण्याचे रिचर्ड रेमंड यांचे पेनसिल्व्हेनियातील काम १९७०च्या दशकारंभीचे. तंत्राचा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेलभक्षक स्यूडोमोनास या जनुकीय बदल केलेल्या जीवाणूचे नाव हटकून घेतले जाते. त्याच्या पेटंटवरील १९८०च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने (५ विरुद्ध ४) सजीवाच्या पेटंटचा मार्ग खुला झाला. तो जीवाणू मात्र समुद्रातील तेलावर कधी सोडला गेला नाही. अलास्कात १९८९च्या ‘एक्सॉन वाल्डीझ’ गळतीनंतर किनाऱ्यांवर टाकले ते नत्र-स्फुरदयुक्त खत. तेल खाणारे जीवाणू तेथे होतेच, त्यांना तुटवडा होता तो नत्र-स्फुरदाचा. भारतात ‘टेरी’ (द एनर्जी अँड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट) या संशोधन संस्थेने तेलकट गाळासाठी ‘ऑइलझॅपर’ हे जीवाणूमिश्रण तयार केले.

कोल्हापूर परिसरात प्रश्न तेलापेक्षा रंगाचा. इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचे सांडपाणी आणि पंचगंगा हा विषय सर्वांच्या परिचयाचा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात कापडरंगांच्या जैविक विघटनावर बरेच संशोधन झाले आहे.

ॲझो रंगांत (कापडासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांच्या गटात) दोन नत्र अणूंमधील दुहेरी बंध तुटला की रंग जातो. हे काम ॲझोरिडक्टेज हे विकर (एन्झाइम) करते व त्याला ऑक्सिजन बहुधा अडसर ठरतो. म्हणून स्थिर ठेवलेल्या चंबूतील लाल द्रावण फिके पडते, तर शेकरवर हलवत ठेवलेले पुष्कळदा तसेच राहते. द्रावण अपकेंद्रित करून (यंत्रात वेगाने फिरवून) तळाशी बसलेल्या पेशी पाहाव्यात: त्या रंगलेल्या असतील तर रंग केवळ त्यांना चिकटला आहे, विघटन झालेले नाही. पेशी पांढुरक्या निघाल्या तरी काम निम्मेच झालेले असते. बंध तुटून निघणारी ॲरोमॅटिक अमाइने रंगहीन असली तरी काही वेळा मूळ रंगाहून विषारी असतात. त्यांच्यासाठी पुढे हवा खेळवलेला दुसरा टप्पा लागतो. निव्वळ रंग उतरल्याचे आकडे म्हणून जपूनच वाचावेत.

साखर कारखान्यांच्या आसवनीतील स्पेंट वॉशमधली (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यातली) मेलॅनॉयडिने ही गडद तपकिरी रंगद्रव्ये जीवाणूंना सहसा दाद देत नाहीत. त्यांच्यावर श्वेतकुजव्या (लाकूड कुजवून पांढुरके करणाऱ्या) कवकांचे प्रयोग झाले आहेत.