अणुधुळीचे माणसाच्या शरीरातील मापन

अणुस्फोटानंतर हवेतून खाली येणारी किरणोत्सर्गी धूळ माणसाच्या अंगावर किती बसली आणि पोटात किती गेली, हे शोधण्याचे शास्त्र. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. कातडीवर, केसांत, कपड्यांत अडकलेली धूळ गायगर गणकाने (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणाने) लगेच सापडते आणि साबण-पाण्याने बरीचशी निघून जाते. श्वासातून किंवा अन्नातून आत गेलेले द्रव्य मात्र धुता येत नाही. लघवी तपासून किंवा शरीरातून बाहेर पडणारे गॅमा किरण (शरीर भेदून जाणारे किरण) मोजूनच त्याचा अंदाज घेता येतो.

या मापनाचा दीर्घ आणि क्लेशदायक इतिहास पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांवर घडला. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने तिथल्या बिकिनी या प्रवाळबेटावर ‘कॅसल ब्राव्हो’ ही हायड्रोजन बाँबची चाचणी केली. स्फोटाची शक्ती १५ मेगाटन (दीड कोटी टन टीएनटी स्फोटकाइतकी) भरली, म्हणजे अपेक्षेच्या सुमारे अडीच पट. काही तासांतच पूर्वेकडच्या रोंगेलाप बेटावर जळलेल्या प्रवाळाची पांढरी भुकटी पडू लागली. मुले तिच्यात खेळली. पाण्यात आणि अन्नातही ती मिसळली. लोकांना तिथून हलवायला सुमारे दोन दिवस लागले. क्वाजालीन बेटावरच्या अमेरिकी तळावर त्यांना पुन्हा पुन्हा आंघोळ घातली, तरी केसांतली धूळ सहजी निघेना. खोबरेल तेल लावलेल्या केसांना ती चिकटून बसली होती. पुढच्या आठवड्यांत अनेकांच्या कातडीवर भाजल्यासारखे व्रण उठले, केस गळले, रक्तातल्या पेशी घटल्या. या लोकांना बाहेरून सुमारे १.७५ ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) मात्रा मिळाली, असा तेव्हाचा अंदाज होता.

धुळीतले सर्वांत घातक ठरलेले किरणोत्सर्गी आयोडीन मात्र मोजणीतून बरेचसे निसटले. आयोडीन-१३१चे अर्धायुष्य (निम्मे द्रव्य विघटित व्हायला लागणारा काळ) ८ दिवस, आयोडीन-१३३चे सुमारे २१ तास आणि आयोडीन-१३५चे जेमतेम साडेसहा तास. लघवीचे नमुने गोळा झाले तेव्हा दोन आठवडे उलटून गेले होते. अल्पायुषी आयोडीन तोवर नाहीसे झाले होते, पण ज्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत ते साठते तिची हानी करून. तिथल्या मात्रेचे अंदाज पुढे अनेक वर्षांनी, उरलेल्या तुटपुंज्या आकड्यांवरून उलटे हिशेब मांडून बांधावे लागले. १९६३ पासून थायरॉइडमध्ये गाठी दिसू लागल्या. स्फोटाच्या वेळी दहा वर्षांखालील असलेल्या रोंगेलापच्या बहुतेक मुलांना पुढे थायरॉइडचे विकार झाले.

धुळीतल्याच सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी द्रव्याची गोष्ट निराळी. त्याचे अर्धायुष्य ३० वर्षे आहे, मात्र प्रौढाच्या शरीरातून निम्मे सीझियम साधारण तीन-साडेतीन महिन्यांत बाहेर पडते. त्यामुळे शरीरातले प्रमाण चढे राहिले, तर ते रोजच्या जेवणातून येत आहे असे समजावे. ते मोजण्यासाठी संपूर्ण-शरीर गणक वापरतात. बाहेरचे किरण अडवणाऱ्या जाड पोलादी भिंतींच्या खोलीत माणसाला बसवतात किंवा आडवे करतात आणि जवळ सोडियम आयोडाइडचा स्फटिक ठेवतात. गॅमा किरण आदळला की स्फटिकात क्षीण चमक उठते आणि तिच्या तीव्रतेवरून किरणाची ऊर्जा कळते. ऊर्जांच्या आलेखात ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (किरणाच्या ऊर्जेचे एकक) उंचवटा दिसला, तर सीझियम आहे. १,४६० च्या आसपासचा उंचवटा पोटॅशियम-४०चा. तो प्रत्येक निरोगी माणसात सापडतो, कारण प्रौढाच्या शरीरात त्याचे सुमारे ४,००० बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन) निसर्गतःच असतात. अशा खोल्यांसाठी १९४५ पूर्वीचे पोलाद मुद्दाम शोधले जाई, कारण नंतरच्या पोलादात अणुस्फोटांच्या किरणोत्सर्गाचा अंश उतरलेला असे. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही पोलादी खोलीतला असा गणक आहे.

१९५७ मध्ये रोंगेलापच्या लोकांना बेटावर परत नेले. अमेरिकेच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे पथक दरवर्षी तपासणीला येई आणि त्याने अवजड पोलादी खोली जहाजाने तिथवर नेली. परतल्यानंतर लोकांच्या शरीरातले सीझियम कित्येक पटींनी वाढल्याचे आकड्यांत स्पष्ट दिसले. नारळ आणि स्थानिक अन्न हे त्याचे कारण होते. दूषित बेटावरच्या या वास्तव्यातून मौल्यवान माहिती मिळेल, असे तेव्हाच्या अहवालात नोंदवले आहे. आपल्याला मोजतात, पण मोजल्याचा अर्थ सांगत नाहीत, ही रोंगेलापकरांची तक्रार या पार्श्वभूमीवर रास्तच म्हणावी लागते. मोजणीचा उपयोग निर्णयासाठी होऊ शकतो, हे बिकिनीत दिसले: चाचण्यांसाठी हलवलेल्या आणि नंतर परतलेल्या रहिवाशांत सीझियम वाढल्याचे आढळल्यावर १९७८ मध्ये त्यांना पुन्हा हलवले. रोंगेलापचे लोक १९८५ मध्ये स्वतःच्या निर्णयाने बेट सोडून गेले.

धुळीतलेच स्ट्रॉन्शियम-९० हे द्रव्य संपूर्ण-शरीर गणकाला दिसत नाही. ते शरीराबाहेर न पोहोचणारे बीटा कण सोडते आणि कॅल्शियमसारखे हाडांत साठते. त्यासाठी लघवी, हाडे किंवा दात तपासतात. अमेरिकेतील सेंट लुइस शहरात १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात लाखोंच्या संख्येने जमवून हेच मोजले गेले.

प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम कमी असल्याने नारळाची झाडे त्याच्या जागी सीझियम ओढून घेतात. म्हणून मातीत पोटॅशियमचे खत घालण्याचा उपाय निघाला आणि त्याने फळांतले सीझियम बरेच घटते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मार्शल बेटांवरच संपूर्ण-शरीर गणकांची केंद्रे उभी राहिली असून स्थानिक तंत्रज्ञ ती चालवतात.