कपड्यांची फिटिंग, शरीराची ठेवण आणि देहसमाधान (गोवा)

कपडा अंगाला किती लागून असावा याविषयीच्या पसंतीला फिटिंगची आवड म्हणतात. अंगासरशी, किंचित सैल आणि ढगळ असे तिचे ढोबळ प्रकार आहेत. स्त्रियांच्या बाबतीत ही आवड शरीराच्या ठेवणीवर आणि त्या ठेवणीबद्दल स्वतःला काय वाटते यावर, म्हणजे देहसमाधानावर, अवलंबून असते. दोन्हींत दुसरी गोष्टच पुष्कळदा भारी पडते. सारख्या मापांच्या दोघी बहिणींपैकी एक कुर्त्याला कमरेशी टक घालून घेते, तर दुसरी तोच कुर्ता दोन इंच सैल मागते.

देहसमाधान मोजण्याची प्रसिद्ध पद्धत पॉल सेकॉर्ड आणि सिडनी जूरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये मांडली. दंड, पोट, मांड्या असा शरीराचा एकेक भाग घ्यायचा आणि त्याविषयीची पसंती-नापसंती अंकांत नोंदवायची. कॅरन लाबॅट आणि मॅरिलिन डीलाँग या संशोधकांनी १९९० मध्ये हीच पद्धत कपड्यांच्या फिटिंगशी जोडून पाहिली. स्त्रियांची नाराजी कमरेखालच्या भागाबद्दल अधिक होती आणि त्याच भागावरच्या कपड्यांच्या फिटिंगबद्दलही त्या कमी समाधानी होत्या. यातून पुढे येणारा मुद्दा शिंप्याच्या दुकानात रोज दिसतो: कपडा बसला नाही की बाई दोष कापणाऱ्याला न देता स्वतःच्या पोटाला देते.

हा दोष बहुतेक वेळा खरोखरच कपड्याचा असतो. तयार कपड्यांचा कारखाना एका नमुना-शरीरावर माप बसवतो आणि पुढचे-मागचे साइज ठरावीक प्रमाणात वाढवत-घटवत काढतो. माणसे त्या प्रमाणात वाढत नाहीत. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात स्त्री-शरीराच्या नऊ आकृत्या धरल्या आहेत. व्यवहारात आयत, त्रिकोण, उलटा त्रिकोण आणि बारीक कमरेचा डमरू एवढ्यांवर भागते. जाहिरातीत दिसतो तो डमरू, आणि प्रत्यक्षात तोच कमी आढळतो. नितंब रुंद असलेल्या स्त्रीला नितंबावर नीट बसणारी जीन्स कमरेला मागून सैल पडते. छाती भरदार असेल तर शर्टाची दोन बटणांमधली फट उघडते, आणि त्यासाठी एक साइज मोठा घेतला की खांदा उतरतो. कमरेपासून दोन्ही बाजूंना कट असलेली कुर्ती इतकी सर्वमान्य का झाली, याचे एक कारण इथे आहे. तिला नितंबाचे माप जवळजवळ लागतच नाही.

सैल कपडा म्हणजे असमाधान आणि घट्ट कपडा म्हणजे आत्मविश्वास, असे सरळ समीकरण मात्र मांडता येत नाही. लपवायचे म्हणून ढगळ घालणाऱ्या असतात, तशा पोट आवळून धरणारा घट्ट कपडा लपवण्यासाठीच निवडणाऱ्याही असतात. गोव्यात तर दमट हवा हेच सैल सुती कपड्याचे पुरेसे कारण आहे.

गोव्याच्या पेहरावात न शिवलेल्या वस्त्राची परंपरा जुनी आहे. कुणबी-गावडा स्त्रियांची लाल-पांढऱ्या चौकड्यांची साडी खांद्यावर गाठ मारून, शेतात वावरता येईल अशी आखूड नेसली जाई. तिला साइज नाही. बाळंतपणानंतर कंबर वाढली तर निऱ्या कमी होतात, इतकेच. कोलवाळचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी या साडीचे पुनरुज्जीवन करण्यासाठी काम केले. त्यांचे स्वतःचे कपडेही सुटसुटीत, हवा खेळती ठेवणारे म्हणून ओळखले गेले. मांडो या गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या गीत-नृत्यात दिसणाऱ्या पानो भाजू या पोशाखातही कमरेला गुंडाळलेले वस्त्र आणि वर सैलसर अंगरखा असतो. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती घरांत रूढ झालेल्या फ्रॉक आणि ड्रेसमध्ये मात्र कंबर आणि छाती नेमकी कापावी लागते, आणि तिथून शिंप्याचे महत्त्व वाढते.

हिंदू घरांत नेमकेपणाचा हा सगळा भार साडीच्या ब्लाउजवर येतो. कुर्त्याला छातीवर दोन ते चार इंच मोकळीक खपून जाते. ब्लाउजला ती जेमतेम असते. म्हणून चवथीआधी आणि लग्नसराईत म्हापसा, फोंडा, मडगावच्या शिंप्यांकडे ‘मापाचा ब्लाउज’ दिला जातो. फीत लावून घेण्यापेक्षा बसलेला जुना ब्लाउज देणे अनेकींना सोपे वाटते, कारण आकडा मोठ्याने उच्चारला जात नाही. तोटा असा की शरीर बदलले तरी माप पाच वर्षांपूर्वीचेच राहते. मग मुंढा (बाही जोडण्याचा घेर) काखेत रुततो, बाही दंडाला घट्ट होते. जाणता शिंपी न विचारता आत दीड-दोन इंच माया (शिवणीतले जादा कापड) सोडतो. पुढे उसवून ब्लाउज वाढवता येतो. ‘बाही कोपरापर्यंत घ्या’, ‘पाठ झाकू द्या’ अशा सूचनांत वय, सासर, देवळात जाणे आणि स्वतःच्या दंडांविषयीचे मत यांतले नेमके काय किती, हे वेगळे काढणे कठीण असते. प्रश्नावलीवरच्या अभ्यासांची मर्यादाही हीच आहे.

तयार कपड्यांच्या दुकानात ही बोलणी होत नाहीत. तिथे लेबलवरचा आकडा बोलतो, आणि तोही ब्रँडगणिक बदलतो. भारतात अनेक उत्पादक अमेरिकी किंवा ब्रिटिश मापांत फेरफार करून काम भागवत आले. यावर उपाय म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला: १५ ते ६५ वयोगटातील सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची त्रिमितीय स्कॅनरने मापे घेण्याची ही योजना. त्यासाठी दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँग यांसह सहा शहरे निवडली गेली. यादीत गोवा नाही. सर्वांत जवळचे केंद्र मुंबई. त्यामुळे ऑनलाइन मागवलेला कुर्ता घेऊन बाजूने दाबायला किंवा उसवायला गल्लीतल्या शिंप्याकडे जाणे इथे चालूच आहे.