बुरखा किंवा नकाब घालणाऱ्या महिलांसाठी मतदार नोंदणी आणि मतदान: पात्रता, कागदपत्रे आणि बूथवर चेहरा कोणाला दाखवायचा

निवडणूक जवळ आली की मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एकात सांगतात की बुरखा घातलेल्या बाईला यंदा मत देऊ देणार नाहीत. दुसऱ्यात सांगतात की बुरख्याला हात लावायचा कोणालाच अधिकार नाही, तुम्ही चेहरा न दाखवता थेट मत द्या. दोन्ही चुकीचे आहेत. पण अशा मेसेजमुळे काही बायका घरीच बसतात, आणि काही जणी बूथवर जाऊन वाद घालून परत येतात. म्हणून नियम नीट समजून घेऊ.

बुरखा, नकाब किंवा हिजाब घालून मतदान करता येते. भारतात सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर देशभर लागू असलेला बंदीचा कायदा नाही. फ्रान्सने असा कायदा २०१० मध्ये केला आणि एप्रिल २०११ पासून तो लागू झाला. आपल्याकडे मतदानापुरता प्रश्न एवढाच आहे: यादीतली बाई आणि समोर उभी असलेली बाई एकच आहे का? ते पाहण्यासाठी चेहरा दाखवावा लागतो. कोणाला, कुठे आणि किती वेळ, हे पुढे सांगितले आहे.

पात्रता

भारतीय नागरिक, वय १८ पूर्ण आणि त्या पत्त्यावर नेहमीचे वास्तव्य, एवढ्याच मुख्य अटी आहेत. वय मोजण्यासाठी आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. मुलीला सतरा पूर्ण झाली असतील तर आगाऊ अर्ज भरून ठेवता येतो. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच वापरतो. त्यामुळे वेगळा अर्ज लागत नाही.

अर्ज आणि कागदपत्रे

पहिल्यांदा नाव नोंदवायचे असेल तर नमुना ६ भरा. लग्नानंतर पत्ता बदलला असेल, नावात किंवा फोटोत दुरुस्ती हवी असेल, कार्ड हरवले असेल, तर नमुना ८. इथे बऱ्याच जणींची गल्लत होते. माहेरच्या यादीत नाव असताना सासरी पुन्हा नमुना ६ भरला जातो आणि नाव दोन ठिकाणी येते. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याने चालत नाही, आणि नमुना ६ मध्ये आपले नाव आधी कुठेही नाही असे लिहून दिलेले असते. म्हणून बदली नमुना ८ नेच करा.

वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र यांपैकी एक द्या. पत्त्यासाठी आधार, बँकेचे किंवा पोस्टाचे चालू पासबुक, पासपोर्ट, वीज-पाणी-गॅसचे बिल किंवा नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. घरातली बिले बहुतेक वेळा पुरुषांच्या नावावर असतात. त्यामुळे आपल्याकडे काहीच पुरावा नाही असे वाटून कितीतरी बायका अर्जच करत नाहीत. पण आई-वडील, नवरा किंवा सज्ञान मुलगा-मुलगी यांपैकी कोणी त्याच पत्त्यावर आधीच मतदार असेल, तर त्यांच्या नावाचा पुरावा चालतो. यापैकी कोणताही कागद नसेल तर बीएलओने (तुमच्या बूथच्या मतदार यादीचे काम पाहणारा कर्मचारी) घरी येऊन चौकशी करायची असते. तेवढ्यावरून अर्ज सोडून देऊ नका.

फोटो रंगीत, पासपोर्ट आकाराचा म्हणजे ४.५ सेंमी बाय ३.५ सेंमी, पांढऱ्या पार्श्वभूमीचा हवा. त्यावर सही नको. चेहरा समोरून पूर्ण दिसला पाहिजे. डोक्यावर ओढणी किंवा हिजाब ठेवता येतो, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि दोन्ही बाजूंनी चेहरा मोकळा हवा. नकाब लावलेला फोटो चालणार नाही. मोहल्ल्यात एखादी बाई फोटो काढणारी असेल तर तिच्याकडे जा, घरच्या मोबाईलवर मुलीने काढलेला फोटोही चालेल.

अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा ईसीआयनेट अ‍ॅपवर भरता येतो, नाहीतर बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत द्या. शुल्क नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव येत नाही, आणि चौकशीलाही काही दिवस लागतात. म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.

फोटोबद्दलची भीती

‘माझा फोटो सगळ्या गावाला दिसेल’ ही भीती मी पुष्कळ बायकांकडून ऐकली आहे आणि ती मी हलकी मानत नाही. हाच मुद्दा न्यायालयातही गेला होता. तमिळनाडूतल्या एका याचिकाकर्त्याने बुरखा घालणाऱ्या महिलांचे फोटो मतदार यादीत छापायला हरकत घेतली. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा जानेवारी २०१० मध्ये सुनावणीत न्यायमूर्तींनी असेही म्हटले, की भावना इतक्या तीव्र असतील तर मतदानाला जाऊ नका.

फोटो हवा, हे मला पटते. बोगस मतदानाचा पहिला फटका खऱ्या मतदारालाच बसतो, तिच्या नावावर भलतीच कोणी मत देऊन जाते. पण ‘जाऊ नका’ हे मला पटत नाही, कारण आयोगाचे स्वतःचे नियम ती यावी म्हणूनच केलेले आहेत. आणि एक दिलासा: आयोगाच्या संकेतस्थळावर जी यादी सर्वांसाठी टाकली जाते, तिच्यात फोटो नसतात. फोटो असलेली प्रत बूथवर अधिकाऱ्यासमोर असते.

बूथवर काय होते

मतदार कार्ड सोबत घ्या. ते नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेले बँक किंवा पोस्टाचे पासबुक, मनरेगा जॉब कार्ड, फोटो असलेले पेन्शनचे कागद, दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड यांपैकी एक चालते. रेशन कार्ड चालत नाही. घरी आलेली मतदार माहिती चिठ्ठीही एकटी पुरत नाही. कार्डावर नावाच्या स्पेलिंगची किरकोळ चूक असेल, ‘शेख’चे काहीतरी वेगळेच झाले असेल, तर ओळख पटत असताना त्यावरून परत पाठवता येत नाही. फोटो जुळत नसेल तर मात्र दुसरे ओळखपत्र मागतील.

आत पहिला मतदान अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो आणि ओळख तपासतो. पडदानशीन, म्हणजे पडदा पाळणाऱ्या, महिला जास्त असलेल्या केंद्रांसाठी केंद्राध्यक्षांना (मतदान केंद्राचे प्रमुख अधिकारी) आयोगाची स्पष्ट सूचना आहे: त्यांची ओळख पटवणे आणि डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावणे हे काम महिला कर्मचाऱ्याने, आडोशाच्या जागेत, त्यांचा खासगीपणा आणि सन्मान राखून करावे. हा आडोसा खाटा उभ्या करून किंवा कापड बांधून, जवळपास बिनखर्चात उभारावा असेही त्या सूचनेत सुचवले आहे. म्हणजे शाळेच्या वर्गात एक चादर दोरीवर टाकली तरी काम होते. खर्चाचे कारण पुढे करायला जागाच ठेवलेली नाही.

तुम्ही एवढेच म्हणा: ‘मला महिला अधिकाऱ्यासमोर चेहरा दाखवायचा आहे.’ त्या फोटो पाहतील, चेहरा पाहतील, काम संपले. नकाब पुन्हा लावा आणि मत द्या. महिला कर्मचारी दिसत नसेल तर केंद्राध्यक्षांना सांगा. महिला मतदारांच्या मदतीसाठी एखाद्या महिलेला नेमण्याची तरतूद निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये आहे. २०२५ च्या बिहार निवडणुकीत याच कामासाठी अंगणवाडी सेविकांची मदत घेण्याचे मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार यांनी जाहीर केले होते. मला ही व्यवस्था आवडते. सेविका वस्तीतलीच असते, तिच्यासमोर बाई बिचकत नाही.

दुसऱ्या कोणी बुरखा वर करायला सांगितले तर?

मे २०२४ मध्ये हैदराबादच्या भाजप उमेदवार माधवी लता यांनी बूथवर महिलांना नकाब वर करायला लावून ओळखपत्रे तपासली. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. उमेदवार म्हणून तपासण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नियमात मात्र शंका घेण्याची रीत वेगळी आहे. पोलिंग एजंटने, म्हणजे उमेदवाराच्या बूथवरच्या प्रतिनिधीने, प्रत्येक आक्षेपासाठी दोन रुपये रोख भरून केंद्राध्यक्षांकडे आक्षेप नोंदवायचा आणि केंद्राध्यक्षांनी तिथेच चौकशी करायची. आक्षेप सिद्ध झाला नाही तर बाई मत देते, आणि तो उगाच घेतला असेल तर दोन रुपये सरकारजमा होतात. सिद्ध झाला तर तोतयाला पोलिसांच्या ताब्यात देतात. तोतयेगिरीला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एजंटने, उमेदवाराने किंवा रांगेतल्या कोणी तुमच्या नकाबाला हात लावणे या रीतीत कुठेच बसत नाही.

तुमच्या आधीच कोणी तुमच्या नावावर मत देऊन गेले असेल तर रडून परत फिरू नका. केंद्राध्यक्षांच्या प्रश्नांची उत्तरे द्या, ओळख पटली की तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर ‘प्रदत्त मत’ देता येते.

अडवले तर आधी केंद्राध्यक्षांकडे लेखी तक्रार द्या. बाहेर आल्यावर १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन करा आणि यादी भाग क्रमांक, केंद्राचे नाव व वेळ सांगा. हे तिन्ही तपशील आदल्या रात्रीच एका कागदावर लिहून कार्डासोबत ठेवा, वेळेची जागा मोकळी सोडून.