गल्ली बॉय म्हणजे रॅपर डिव्हाइनची बायोपिक नाही हो!

अजूनही कुणीतरी छातीठोकपणे सांगतोच की पिक्चरचा हिरो मुराद (रणवीर सिंग) म्हणजे डिव्हाइन, तो धारावीचा, आणि पिक्चरमध्ये दाखवलंय ते सगळं तसंच्या तसं घडलेलं. नाही हो. २०१९ चा हा झोया अख्तरचा पिक्चर डिव्हाइन आणि नेझी या दोन रॅपर्सच्या आयुष्यावरून सुचला हे खरं, पण मुराद हे पात्र काल्पनिक आहे आणि त्या दोघांपैकी धारावीचा कुणीच नाही, डिव्हाइन अंधेरीच्या जेबी नगरचा आणि नेझी कुर्ल्याचा. नेझीने 'आफत' हे गाणं चक्क आयपॅडवर रेकॉर्ड केलं, व्हिडिओ पण त्यावरच शूट केला, २०१४ ची गोष्ट. मला तर हे पिक्चरपेक्षा भारी वाटतं.

'मेरे गली में' पण पिक्चरसाठी बनलेलं नाही, ते दोघांनी २०१५ लाच काढलं होतं, पिक्चरमध्ये नवीन व्हर्जन आलं. 'अपना टाइम आएगा' मात्र खास पिक्चरचं, आवाज रणवीरचा, पण लिहिलंय डिव्हाइन आणि अंकुर तिवारीने, त्यामुळे "रणवीरने स्वतः लिहिलं" हे पण विसरा.

आता याचा अर्थ धारावीत रॅप नाही असा अजिबात काढू नका, सेव्हन बंटाईझ हा रॅप ग्रुप तिथलाच, आणि पिक्चरमधलं 'इंडिया ९१' हे गाणं नीट ऐका, त्यात आपल्या अमरावतीचा रॅपर १०० आरबीएच पण आहे. जाता जाता, मुरादची आई झालेली अमृता सुभाष रणवीरपेक्षा फक्त सहा वर्षांनी मोठी आहे!